रेड ऑक्साइड सगळा उतरवायचा की गंजापुरताच? एमएम ५४०, पावसाळ्याच्या आधी

धायरी_फोरबायफोर

मंडळी, सल्ला हवाय. गाडी महिंद्रा एमएम ५४०, १९९४ चं मॉडेल. आधीच्या मालकाने टबला (गाडीच्या पत्र्याच्या मुख्य बॉडीला) रेड ऑक्साइड प्रायमर मारला, त्यावर ग्रे सरफेसर (रंगाआधी पृष्ठभाग सपाट करायचा थर) फिरवला आणि पक्का रंग न देता गाडी काही पावसाळे तशीच वापरली. आता ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर, मागच्या दोन्ही व्हील आर्चचे काठ, टेलगेटची खालची घडी आणि विंडशील्ड फ्रेमचा तळ इथे प्रायमर फुगलाय. फ्लोअरवर स्क्रूड्रायव्हर टोचला तर दोन ठिकाणी आरपार जातो. बाकी टबवर प्रायमर वरून तरी धड दिसतो.

हाताशी चार इंची ग्राइंडर, हीट गन आणि २ एचपीचा, ५० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर आहे. काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायचंय. वर छप्पर आहे, तीन बाजू उघड्या. हाताशी मे महिना आणि जूनचा पहिला आठवडा.

माझा बेत असा: पूर्ण टबला पेंट रिमूव्हर, मग गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंज न काढता त्याला स्थिर थरात बदलणारं रसायन), त्यावर पुन्हा रेड ऑक्साइड, आणि रंग दिवाळीच्या सुमारास. यात काय बदलू? आणि जिथे प्रायमर चांगला दिसतो तिथलाही काढायलाच हवा का?

---

नानापेठ_रंगकाम

दादा, बेतातला रेड ऑक्साइडचा टप्पा आधी खोडा, त्याजागी इपॉक्सी प्रायमर घ्या, म्हणजे हार्डनर कालवून मारायचा दोन भागांचा प्रायमर. साधा रेड ऑक्साइड म्हणजे अल्किड रेझिनमध्ये कालवलेला लाल आयर्न ऑक्साइड. वर रंग चढला तर तो काम देतो, उघडा ठेवला की ओल हळूहळू पत्र्यापर्यंत पोचते. ग्रे सरफेसर तर घासून सपाट करता यावा म्हणूनच बनवलेला असतो, तो त्याहून सच्छिद्र. दिवाळीपर्यंत उघडी ठेवलीत तर आज जे दिसतंय तेच पुन्हा दिसेल. त्यात भर म्हणजे पुढे टू-के (हार्डनर कालवायचा) प्रायमर किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारायचा ठरवलात तर त्यातलं थिनर खालच्या अल्किडला उचलतं आणि रंगाला सुरकुत्या पडतात.

किती काढायचा याचं उत्तर डोळ्यांनी मिळत नाही. गंज पत्रा आणि प्रायमर यांच्या मधून आडवा पसरतो, फुगवटा सगळ्यात शेवटी येतो. आधी प्रायमर कशाचा आहे ते ओळखा. सुती फडक्याची चार पदरी घडी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवून पत्र्यावर ठेवा, वर प्लास्टिक लावून कडेने टेप मारा, पाच मिनिटांनी काढा. फडक्याला रंग लागला आणि थर विरघळला तर तो एनसी. फुगला, सुरकुतला, नखाने निघू लागला तर अल्किड. काहीच झालं नाही तर टू-के किंवा कंपनीचा भट्टीत पक्का केलेला थर. एकाच ठिकाणी करू नका. बॉनेटच्या मागची काउल, टबची बाहेरची बाजू, सीटखालची पेटी आणि टेलगेट, चारही जागा वेगळ्या निघू शकतात.

मग चिकटपणा तपासा. नव्या कटर ब्लेडने २ मिमी अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या चिरा पत्र्यापर्यंत पाडा, चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन सुटून आले तर तो थर ठेवण्यासारखा नाही, दिसायला कितीही छान असो.

तिसरी तपासणी लोहचुंबकाची. छोटा चुंबक कागदात गुंडाळून सगळीकडे फिरवा. जिथे पकड ढिली होते तिथे खाली लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरलेली आहे. फुगलेल्या प्रायमरखाली लांबी निघाली तर ती सगळी काढायची, कारण पॉलिएस्टर लांबी पाणी शोषते आणि गंजाला तिथेच ओल मिळत राहते.

कामाला हात लावण्याआधी गाडी धुवून वॅक्स-ग्रीज रिमूव्हरने दोन फडक्यांनी पुसा: एक ओलं, लगेच मागून एक कोरडं. फडकं वारंवार पालटा. ही पायरी घासण्याच्या आधीची आहे. ग्रीज आणि सिलिकॉन पॉलिश तसंच ठेवून घासलं तर ते पेपरच्या ओरखड्यांमध्ये दाबलं जातं आणि नंतर प्रायमरला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पेट्रोल, रॉकेल वापरू नका. आगीचा धोका तर आहेच, शिवाय रॉकेल मागे तेलकट थर ठेवतं.

थिनरच्या परीक्षेत काय निघालं ते इथे टाका, मग अवजारांचं बोलू.

---

धायरी_फोरबायफोर

चारही जागी केलं. वरचा ग्रे सगळीकडे फडक्यावर उतरला. खालचा लाल सुरकुतला आणि पोपड्यासारखा निघाला. काउलवर आणि विंडशील्डच्या खाली लालच्या पोटात एक पातळ, कडक, काळपट-राखाडी थर आहे, त्याला थिनरने काही झालं नाही आणि चिरा पाडून टेप ओढल्यावरही हलला नाही. टेलगेटच्या खालच्या बोटभर पट्ट्यात चुंबक धरतच नाही. सीटखालच्या पेटीत मात्र लाल थर जास्त नारिंगी दिसतोय.

---

नानापेठ_रंगकाम

म्हणजे चित्र स्पष्ट आहे. ग्रे एनसी, लाल अल्किड: दोन्ही पूर्ण उतरवा, चांगला दिसतो तिथलासुद्धा. काळपट कडक थर बहुतेक गाडीचा मूळचा. तो जिथे पकडून आहे तिथे पत्रा उघडा करू नका. १८० नंबरच्या पेपरने त्याची चमक मोडा आणि कडा उतरत्या करा, म्हणजे बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. त्याच्याइतका एकसारखा, सांध्यात शिरलेला थर आपल्याला स्प्रे गनने देता येत नाही.

आता अवजारं. उघड्या, सपाट भागासाठी ग्राइंडरला काळी जाळीदार स्ट्रिप डिस्क लावा, जी रंग काढते पण पत्रा फारसा खात नाही. चार इंची ग्राइंडर साधारण ११,००० आरपीएमने फिरतो; डिस्कवर लिहिलेला कमाल वेग त्याहून कमी असेल तर ती लावायचीच नाही. वेग कमी करता येणारा ग्राइंडर मिळाला तर डिस्क जास्त टिकते आणि पत्रा कमी तापतो. एका जागी थांबू नका, हात ठेवून चटका बसला की पुढच्या भागावर जा. सपाट पत्रा तापून एकदा का वाकला की तो पुन्हा बसवणं प्रायमर काढण्यापेक्षा मोठं काम आहे. फ्लॅप डिस्क प्रायमरसाठी नको. ती फक्त वेल्डचा टाका उतरवायला.

वायर कप ब्रशबद्दल सावध राहा. तो गंज काढतो त्यापेक्षा जास्त घोटतो. गंज चकचकीत काळा होतो, साफ झाल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यांच्या तळाशी तसाच राहतो. शिवाय तारा सुटून गोळीसारख्या येतात, म्हणून चष्मा आणि त्यावर फेस शील्ड, दोन्ही हवं. कोपऱ्यांत, नटांभोवती तो लागेल. सपाट भागावर नको.

तुमचा कॉम्प्रेसर हवेवर चालणाऱ्या सँडरला पुरणार नाही, टाकी सतत रिकामी होईल. १२५ मिमीचा इलेक्ट्रिक ऑर्बिटल सँडर घ्या, धूळ ओढायला मागे व्हॅक्यूम क्लीनर जोडा. ८० नंबरने थर उतरवा, १२० ते १८० ने संपवा. त्यापेक्षा गुळगुळीत करू नका, इपॉक्सीला पकडायला ओरखडे लागतात.

अल्किड आणि एनसी दोन्ही तापले की मऊ होऊन पेपरच्या दाण्यांमध्ये भरतात. पेपर गुळगुळीत वाटला तर तो झिजलेला नसून बुजलेला असतो. जोर वाढवू नका, कडक नायलॉन ब्रशने झटका किंवा पालटा.

टेलगेटच्या लांबीसाठी हीट गन चांगली. मध्यम आचेवर, गन हलती ठेवून, लांबी मऊ झाली की बोथट पटाशीने पापुद्रे काढा. पण हे त्यावरचा लाल थर उतरवल्यावर, आणि आधी त्या नारिंगी रंगाबद्दल कुणीतरी जाणकाराने बोलावं.

---

पाषाण_केमिकल

नारिंगी रंगाबद्दल. लाल आयर्न ऑक्साइड गेरूसारखा, विटकरी दिसतो. शेंदरी, उजळ आणि हाताला वजनदार वाटणारा थर रेड लेड असू शकतो, म्हणजे शिशाचा. पिवळट-हिरवा प्रायमर निघाला तर झिंक क्रोमेट समजा, त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. भारतात शिशाची ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली, तीही घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी. त्यामुळे ९४ सालच्या गाडीवरच्या प्रायमरबद्दल कुठलीच खात्री धरू नका. सीटखालच्या पेटीत शिसं आहे असं समजूनच काम करा.

याचा अर्थ असा की त्या भागात हीट गन नको आणि सुकं घासणंही नको. पाणी पेपर, किंचित साबणाचं पाणी, खाली जाड प्लास्टिक, आणि चिखल सुकण्याआधी पुसून पिशवीत. साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे निरुपयोगी आहे. पी-१०० फिल्टरचा हाफ मास्क, दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. पार्किंगमध्ये मुलं खेळत असतील तर हे काम तिथे करूच नका. शिशाचा सगळ्यात जास्त त्रास लहान मुलांना होतो. चिखल पार्किंगच्या गटारात सोडला तर तो नाल्यातून मुठेत जाईल. बंद डब्यात ठेवा आणि एमआयडीसीतल्या ज्या वर्कशॉपचा घातक कचरा अधिकृतपणे उचलला जातो, त्यांच्याकडे द्या.

आता रिमूव्हर. बाजारातल्या जुन्या पद्धतीच्या रिमूव्हरमध्ये मुख्यतः मिथिलीन क्लोराइड असतं. त्याचा उत्कलनबिंदू साधारण ४० अंश. पुण्यात मे महिन्यात दुपारी तुम्ही ते लावलंत तर प्रायमरमध्ये मुरण्याआधीच उडून जाईल, आणि उडालेली वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, टबच्या आत साचेल. शरीरात गेल्यावर त्याचं कार्बन मोनॉक्साइड होतं. कोळसा किंवा सेंद्रिय वाफेचं साधं कार्ट्रिज त्याला फार वेळ अडवत नाही, पातळ नायट्रिल हातमोज्यांतूनही ते काही मिनिटांत आरपार जातं. टबच्या आत डोकं घालून हे काम करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. हे वापरायचं असेल तर फक्त सुट्या काढलेल्या भागांवर: बॉनेट, मडगार्ड, टेलगेटचं बाहेरचं अंग. उघड्यावर, सकाळी लवकर, सावलीत, वारा पाठीमागून.

पद्धत: आधी थरावर ४० नंबरच्या पेपरने आडवेतिडवे ओरखडे. ब्रशने जाड थर एकाच दिशेने द्या, पुन्हा ब्रश फिरवू नका, कारण वर मेणाची साय धरते आणि तीच बाष्पीभवन रोखते. वर प्लास्टिक पसरा. १५-२० मिनिटांनी बोथट प्लास्टिकच्या पट्टीने ओढा. राहिलेल्या जागी दुसरा हात. मग डब्यावर लिहिलंय त्याप्रमाणे पाणी किंवा थिनर, जे असेल त्याने धुवा. मेण मागे राहिलं तर वरचं काहीही चिकटत नाही.

आणि सांधे, घड्या, स्पॉट वेल्डच्या ओळी यांपासून निदान ३० मिमी अंतरावर दुहेरी मास्किंग टेप. तेवढी पट्टी हाताने घासा. घडीत शिरलेलं रिमूव्हर बाहेर काढण्याचा खात्रीचा उपाय नाही. नव्या रंगाखालून ते परत येतं आणि सांध्याच्या बाजूने रंग उचलतो.

कुणी कॉस्टिक सोड्याचं पाणी सुचवलं तर नको म्हणा. पोलादावर ते रंग काढतं हे खरं, पण सांध्यात राहिलेला क्षार वर्षानुवर्षं ओल धरतो, आणि जस्ताचा लेप किंवा ॲल्युमिनियम असेल तर त्यालाच खातो.

---

वारजे_जीपवाला

एवढा खटाटोप करण्यापेक्षा टब सोडवून भोसरीत सँडब्लास्टिंगला द्या की. एका दिवसात पूर्ण पांढरा, म्हणजे रंग-गंज नसलेला उघडा पत्रा हातात. चॅसिसला सगळे तेच करतात.

---

भोसरी_पत्राकाम

चॅसिसला जरूर द्या, टबला विचारपूर्वक. ब्लास्टिंगने पत्रा वाकतो तो उष्णतेने नव्हे. कणांच्या माऱ्याने एका बाजूचा पृष्ठभाग ताणला जातो आणि सपाट पत्रा त्या बाजूला फुगतो. बॉनेट आणि बाजूचे मोठे सपाट पत्रे यात हमखास जातात. द्यायचंच तर बारीक गार्नेट (वाळूऐवजी वापरायचे खनिजाचे कण), कमी दाब, आणि नोझल तिरकं धरणारा माणूस. जिथे साधी वाळू कोरडी मारतात तिथे देऊ नका. त्या धुळीतल्या सिलिकाने मारणाऱ्याला सिलिकोसिस होतो, आपल्या स्वस्त कामासाठी त्याची फुप्फुसं जाऊ नयेत.

दुसरी गोष्ट, ब्लास्टिंगवाल्याला आधीच विचारा की इपॉक्सी तिथेच, त्याच दिवशी मारून देणार का. ब्लास्ट केलेला पत्रा अतिशय खरखरीत असतो, त्यावर गंज सगळ्यात लवकर बसतो. टेम्पोत घालून भोसरीहून धायरीला आणेपर्यंत वळवाची एक सर आली तर सगळा खर्च पाण्यात. ब्लास्टिंगचे कण बंद चॅनलमध्ये साठतात, ते झटकून आणि हवेने फुंकून काढावे लागतात.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: चॅसिस नंबर. चॅसिस ब्लास्टिंगला देताना किंवा त्या भागात ग्राइंडर चालवताना कोरलेल्या नंबरावर ग्रीज, त्यावर जाड टेपचे तीन-चार पदर, त्यावर रबराची पट्टी. तुमची गाडी १५ वर्षांपुढची आहे, नोंदणीच्या नूतनीकरणाला आरटीओत तपासणी होते आणि नंबर पुसट झाला तर फार त्रास होतो. प्रायमर तिथे हाताने, पितळी ब्रशने काढा.

आता फ्लोअर. जिथे टोचल्यावर आरपार जातंय तिथे रिमूव्हर, कन्व्हर्टर, लांबी, फायबर, काहीही उपयोगाचं नाही. तो पत्रा कापायचा. प्रायमर काढून झाल्यावर छोट्या हातोड्याने ठोकत जा. चांगला पत्रा टणत्कार करतो, सडलेला भद्द वाजतो. आवाज बदलतो तिथून पुढे २५ मिमी चांगल्या पत्र्यात कापायचं, नाहीतर टाका गंजक्या पत्र्याला धरेल आणि शेजारी भोक पडेल. चांगल्या जागी व्हर्नियरने जाडी मोजा आणि तितक्याच जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा आणा. १.२ मिमी आली तर १८ गेज. भवानी पेठेत तुकडा कापून मिळेल.

टब चॅसिसवर बोल्टने बसलेला असतानाच फ्लोअर बदला, सुटा करून कापलात तर माप हलेल आणि दरवाजे, टेलगेट लागणार नाहीत. फ्लोअरखालचे टोपीच्या आकाराचे चॅनल बघा. वरचा पत्रा सडलाय म्हणजे चॅनलचा आतला भाग बहुतेक वेळा त्याहून वाईट असतो.

वेल्डच्या दोन्ही बाजूंना, आतून आणि बाहेरून, २५ मिमी पत्रा पूर्ण चकचकीत करा. प्रायमर राहिला तर जळून वायू होतो आणि टाक्यात छिद्रं पडतात. जिथे पत्रा पत्र्यावर बसतो तिथे आत झिंक वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्यावरून वेल्डिंग करता येतं असा) एक पातळ हात, पण वरच्या पत्र्याला भोकं पाडून ज्यांतून टाका घालायचा, त्या भोकांतून तो पुसून घ्या. भोकं ६ ते ८ मिमीची, ३०-४० मिमी अंतरावर. मिग वेल्डिंगला ०.८ मिमी तार, नुसत्या सीओटूपेक्षा आर्गॉन-सीओटू मिश्रण पातळ पत्र्यावर शांत चालतं. एक टाका इथे, पुढचा दुसऱ्या टोकाला, आणि मधे थंड होऊ द्या. बॅटरीच्या दोन्ही वायर सोडून ठेवा, डिझेलची टाकी गाडीतून काढून लांब न्या, झिंकचा धूर श्वासात घेऊ नका.

---

धायरी_फोरबायफोर

बॉनेट आणि टेलगेटला रिमूव्हर, टब स्ट्रिप डिस्क आणि सँडरने, सीटखालची पेटी ओलं घासून, फ्लोअर कापून नवा. हे पक्कं. व्हील आर्चचा एक हातभर तुकडा करून पाहिला. पत्रा पांढरा झाला पण जवळून बघितल्यावर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके राहिलेत, ८० नंबरने निघत नाहीत. आणखी घासलं तर पत्रा पातळ होईल अशी भीती वाटते. इथे कन्व्हर्टर चालेल का? आणि रोज किती भाग उघडायचा?

---

नानापेठ_रंगकाम

भीती बरोबर आहे, घासणं थांबवा. ते ठिपके म्हणजे खड्ड्यांच्या तळाशी बसलेला गंज, पेपर तिथे पोचतच नाही. तिथे फॉस्फोरिक ॲसिडचा रस्ट रिमूव्हर लागेल. रंगाच्या दुकानात तयार मिळतो, १०-१५ टक्क्यांच्या आसपासचा घ्या. टॉयलेट साफ करायचं हायड्रोक्लोरिक मुळीच नको. त्यातले क्लोराइड खड्ड्यात राहतात आणि आठवड्यात गंज परत आणतात.

ठिपक्यांच्या जागी ब्रशने लावा, १०-१५ मिनिटं ओलं ठेवा, सुकू लागलं तर पुन्हा लावा, मधे जुन्या टूथब्रशने किंवा स्कॉच ब्राइटने घासा. काळे ठिपके राखाडी झाले पाहिजेत. मग भरपूर पाण्याने धुवा. सोसायटीला बोअरचं पाणी असेल तर शेवटचं धुणं बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्याने, कारण जड पाण्यातले क्षार पत्र्यावर सुकतात आणि पुढे प्रायमरखाली फोड आणतात. लगेच कोरड्या फडक्याने टिपून हीट गनने किंवा हवेने सुकवा, सांधे आधी. पिवळसर गंजाची झाक आलीच तर १८० ने हलका हात.

हे धुणं नीट होणं फार महत्त्वाचं आहे. इपॉक्सीचा हार्डनर बहुधा अमाइनचा असतो. खड्ड्यात ॲसिड राहिलं तर ते हार्डनरला मारतं आणि तेवढ्या जागी इपॉक्सी कच्ची राहते, नंतर सालीसारखी सुटते. याच कारणाने इपॉक्सीच्या खाली एच (etch, म्हणजे ॲसिड असलेला) प्रायमर नको. आणि काळा थर देणारा टॅनिक कन्व्हर्टर फक्त अशा जागी, जिथे पेपर, ब्रश, ॲसिडचं धुणं काहीच पोचत नाही. बंद चॅनलमध्ये तोही नको, तिथे रंगकाम संपल्यावर कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागात फवारायचं गंजरोधक मेण).

रोज किती उघडायचं? जेवढ्यावर त्याच संध्याकाळी इपॉक्सी बसेल तेवढंच. हाताने करत असाल तर एक चौरस मीटरच्या वर जाऊ नका. फुगवट्याच्या कडेपासून निदान ५० मिमी पुढे, आणि तिथे पांढरा पत्रा लागला नाही तर आणखी पुढे. उघड्या पत्र्याला हात लावू नका, घामाच्या बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी गंजून उमटतात.

इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर बघा, ४:१, २:१, १:१ सगळी येतात, आणि मापाच्या भांड्याने मोजा, अंदाजाने नको. हार्डनर जास्त टाकला तर लवकर वाळेल हा समज चुकीचा आहे, तो न जुळलेला भाग कायमचा चिकट राहतो. काही इपॉक्सींना कालवल्यावर १५ ते ३० मिनिटं तसंच ठेवावं लागतं. एक चौरस मीटरवर ५० मायक्रॉन सुका थर हवा तर गनमधून उडणारं धरून सुमारे १५० मिली कालवलेला माल लागेल. तेवढाच कालवा, मे महिन्यात पॉट लाइफ (कालवलेला माल वापरता येण्याचा वेळ) खूप घटतं, तापमान १० अंशांनी वाढलं की जवळपास निम्म्यावर येतं. दोन हात द्या, मधलं अंतर डब्यावर आहे तेवढं.

वेळ: सकाळी सातला घासायला बसा, दुपारी धुणं-सुकवणं, साडेपाचनंतर उन्हाने तापलेला पत्रा हाताला सोसवतो तेव्हा स्प्रे गन. तापलेल्या पत्र्यावर इपॉक्सी वाटेतच सुकते आणि भुकटीसारखी बसते. वळवाचे ढग असतील तर उलटी अडचण. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली पाहिजे. साधा डिजिटल हायग्रोमीटर आणि इन्फ्रारेड थर्मामीटर एवढ्यासाठी घेण्यासारखे आहेत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ही अट पुण्यात बरेच दिवस पाळता येणार नाही, म्हणून फ्लोअर आणि आर्च आधी, बाहेरचे सपाट पत्रे शेवटी. वेळ कमी पडली तर सपाट पत्र्यांवरचा लाल थर यंदा तसाच ठेवा आणि दिवाळीनंतर उतरवा. अर्धवट उघडा पत्रा ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

लांबी इपॉक्सीवर भरा, उघड्या पत्र्यावर नको, आणि सांध्यांना सीम सीलरही इपॉक्सीनंतरच.

---

धायरी_फोरबायफोर

शेवटचा प्रश्न. इपॉक्सी मारून पावसाळाभर तशीच ठेवली तर चालेल, की त्यावर काही हवं? पीयू सरफेसर आत्ताच मारून टाकू का?

---

पाषाण_केमिकल

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तीन बाजू उघड्या पार्किंगमध्ये, लोक येता-जाता, ते फवारू नका. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोड्या वासानेही दमा उठतो. ते काम हवेचा पुरवठा असलेल्या मास्कसह, बूथमध्येच. आणि तुमच्या इपॉक्सीचा हार्डनरही डब्यावर वाचून घ्या, काही इपॉक्सींना आयसोसायनेटचा हार्डनर येतो. अमाइनचा असला तरी हातमोजे घालाच, त्वचेवर चट्टे उठतात.

आणखी एक: रेड ऑक्साइड पुसलेली, थिनर लागलेली फडकी चुरगळून ढीग करू नका. अल्किड हवेत सुकताना उष्णता सोडतं आणि ढीग आपोआप पेटू शकतो. पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून झाकण लावा.

---

नानापेठ_रंगकाम

इपॉक्सीचा पूर्ण थर पावसाला रेड ऑक्साइडपेक्षा कितीतरी चांगला तोंड देतो, पण उन्हाने तो खडूसारखा भुकटा होतो. पावसाळाभर गाडी छपराखाली असेल तर दोन हात पुरेत. रोज बाहेर काढणार असाल तर वर कुठल्याही रंगाचा एक हात ब्रशने नको, तिसरा हात इपॉक्सीचाच द्या. फ्लोअरवरची रबरी मॅट चार महिने घालू नका, त्याखालीच पाणी थांबतं. फ्लोअरची निचऱ्याची भोकं नव्या पत्र्यात पुन्हा पाडायला विसरू नका आणि त्यांच्या कापलेल्या कडांना ब्रशने इपॉक्सी लावा.

डब्यावर पुढचा थर किती दिवसांत द्यायचा ते लिहिलेलं असतं. दिवाळीपर्यंत ती मुदत केव्हाच संपलेली असेल. तेव्हा धुवून, ग्रीज काढून, ३२० नंबरने सगळीकडची चमक मोडा, इपॉक्सीचा एक पातळ ताजा हात द्या आणि त्याच्या मुदतीतच सरफेसर मारा. कुठे घासताना पत्रा दिसला तर तेवढी जागा पुन्हा पहिल्यापासून.